आंबटही आणि कडूही: एका पोअर-ओव्हर कपाचं प्रकरण

"वहिनी, कॉफी आंबट लागतेय. आणि कडूपण. एकाच कपात."

धाकट्या नणंदेचा हा फोन आला तेव्हा तिला घरी पोअर-ओव्हर (शंकूतल्या कागदावर कॉफी ठेवून वरून हातानं पाणी ओतत गाळायची पद्धत) करायला लागून तीन आठवडे झाले होते. मी हा उद्योग सहा-सात वर्षं करतेय, त्यामुळे घराण्यातल्या कॉफीच्या तक्रारी माझ्याकडेच येतात. माझं एक ठरलेलं उत्तर असतं: आंबट लागली तर दळण बारीक कर, कडू लागली तर जाड कर. दोन्ही एकदम म्हटल्यावर ते उत्तर घशातच राहिलं. बारीक करायला सांगू की जाड?

नशीब एवढंच, की तिनं वही ठेवली होती. प्रत्येक कपाला एक ओळ, असे 22 कप. वहीचे फोटो पाठव म्हटलं. नमुन्यादाखल दोन ओळी: "कप 6: पाणी गार केलं, कॉफी 18 ग्रॅम, नवीन पाकीट, 4 मि. 40 से. कडू." खाली लगेच, "कप 7: उकळतं पाणी, 14 ग्रॅम, दुसरा कागद, 1 मि. 55 से. आंबट, पाणीदार." दोन कपांमध्ये चार गोष्टी बदललेल्या. कडूची आंबट कशामुळे झाली, हे त्यातून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. शिकणारा माणूस नेमकं हेच करतो. कप बिघडला की घाबरून सगळंच बदलतो. मीही केलंय, फक्त माझी वही नव्हती म्हणून पुरावा नाही.

त्या वहीत एक जागा मात्र सोन्यासारखी होती. कप 11 ला 15 ग्रॅम कॉफी, 240 ग्रॅम पाणी, पाणी गाळून उतरायला 2 मिनिटं 5 सेकंद. कप 12 समोर लिहिलं होतं, "सगळं तसंच परत." आणि वेळ? 4 मिनिटं 10 सेकंद. सगळं तेच ठेवून वेळ दुप्पट होत असेल, तर "सगळं तेच" राहिलेलंच नाही. काहीतरी तिच्या नकळत बदलतंय.

शनिवारी सकाळी तिच्याकडे गेले.

ओट्यावर काय दिसलं

सामान साधं आणि योग्य होतं. तळाला एकच मोठं भोक आणि आतून वळणदार कंगोरे असलेला प्लास्टिकचा शंकू, पांढरे कागदी फिल्टर, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, मोबाइलचं घड्याळ, नेहमीची रुंद चोचीची किटली. शिवाय पात्यांचा छोटा ग्राइंडर, बटण दाबलं की घरघरणारा. प्लास्टिकच्या शंकूबद्दल तिला उगाच लाज वाटत होती. वाटायचं कारण नाही. जाड सिरॅमिकपेक्षा तो पाण्याची उष्णता कमी शोषतो, आणि पडला तर फुटत नाही.

मी म्हटलं, "मी इथे नाही असं समज आणि रोजच्यासारखी कर."

तिनं बिया मोजल्या, ग्राइंडर वीस सेकंद फिरवला, मधे दोनदा हलवला. तिथे मात्र मी तोंड उघडलं. दळलेली कॉफी पांढऱ्या कागदावर पसरून घेतली. काही तुकडे अक्षरशः अर्ध्या बीचे होते. उरलेल्यात बोट फिरवलं तर बोटाच्या रेषांमध्ये तपकिरी पीठ भरलं. चहाच्या गाळणीतून चाळून पाहिलं: 15 ग्रॅमपैकी 6 ग्रॅम गाळणीवर राहिली, आणि खाली उतरलेल्या 9 ग्रॅममध्ये बरंचसं पीठच. पातं बी दळत नाही, जे समोर येईल ते फोडतं. जो तुकडा पात्याखाली चारदा आला त्याचं पीठ झालं, जो कडेला उडाला तो तसाच राहिला. वीस सेकंद मोजून फिरवलं तरी दर वेळी याचं प्रमाण वेगळं. पीठ जास्त झालं की ते खाली सरकून कागदाची छिद्रं बुजवतं आणि पाणी तुंबतं, भरड जास्त झाली की पाणी सुसाट निघून जातं. कप 11 आणि 12 चं कोडं इथे सुटलं.

चवीचंही सुटलं, निदान बरंचसं. बीतलं सगळं एकदम पाण्यात उतरत नाही. आम्लं लवकर सुटतात, गोडव्याची बाजू त्यामागून येते, आणि कडवट-तुरट घटक रेंगाळत शेवटपर्यंत येत राहतात. पिठाच्या कणातून ते शेवटचेही निघून येतात, भरडीच्या आतपर्यंत पाणी पोचतच नाही आणि तिथून फक्त आंबटपणा बाहेर पडतो. दोन्ही एकाच कपात पडतात. 1950च्या दशकात एमआयटीमधल्या अर्नेस्ट लॉकहार्ट यांच्या कामातून कॉफीचा एक आलेख आकाराला आला. त्यानुसार बीच्या वजनापैकी 18 ते 22 टक्के भाग पाण्यात उतरला तर कप जमतो. आकडा आजही वापरात आहे, पण तो सरासरीचा आहे. अर्ध्या कॉफीतून 14 टक्के आणि अर्ध्यातून 26 टक्के उतरलं तरी सरासरी 20 येते, आणि कप तरीही फेकून द्यावासा वाटतो. नणंदबाईंची सरासरी बहुधा उत्तम असणार!

एका वेळी एकच

अट घातली, की आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कॉफी 15, पाणी 240, कागद तोच, पाकीट तेच. मी माझा हाताने फिरवायचा, शंकूच्या आकाराच्या दात्यांचा ग्राइंडर आणला होता. यात बी दोन दात्यांच्या मधल्या फटीतून गेल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे कणांचा आकार फटीइतका राहतो. पीठ यातही पडतं, कुठल्याही ग्राइंडरला पडतंच, पण थोडं.

पहिला कप 2 मिनिटं 10 सेकंदांत उतरला. आंबट, पातळ. तिचा चेहरा पडला. मला मात्र आनंद झाला, कारण तो नुसताच आंबट होता. कडवटपणा गायब! आता माझं ठरलेलं उत्तर लागू पडत होतं. दळणाची जाडी ठरवणारी ग्राइंडरची चकती चार क्लिक बारीककडे फिरवली. जाड्या मिठाच्या दाण्यावरून साखरेच्या दाण्याकडे सरकल्यासारखं. वेळ 2 मिनिटं 50 सेकंदांवर आली आणि कपाला अंग आलं. तोच कप परत केला, 2 मिनिटं 48 सेकंद. पुन्हा केला, 2 मिनिटं 53. तिनं वहीत तिन्ही वेळा लिहून खाली दोन रेघा मारल्या.

धारेचं दुखणं वेगळं होतं. रुंद चोचीच्या किटलीतून पाणी धबधब्यासारखं पडायचं, कॉफीच्या थरात खड्डा खणायचं आणि कडेच्या कागदावरून चोथ्याला न शिवताच खाली पळायचं. शेवटी शंकूत पाहिलं तर एका बाजूला विवर आणि भिंतीला लटकलेला चिखल. तिला बगळ्याच्या मानेसारखी चोच असलेली किटली घ्यायची होती. जरूर घ्यावी, पण आधी फुकटचं करून पाहावं. किटली अर्धीच भरली की धार आवरता येते. आणि चमच्याच्या पाठीवरून पाणी सोडलं की त्याचा जोर मोडतो. त्या आठवड्यात आम्ही चमच्यावरच भागवलं. 1908 मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झनं मुलाच्या वहीतला टिपकागद भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात घालून कॉफी गाळली, तिथून या कागदी फिल्टरची गोष्ट सुरू होते. सुरुवात जुगाडानंच झालेली असताना चमच्याची काय लाज?

ब्लूमकडे, म्हणजे सुरुवातीला कॉफी थोड्या पाण्यात भिजवून फुगू देण्याकडे, मात्र ती अजिबातच लक्ष देत नव्हती. भाजलेल्या बीत कार्बन डायऑक्साइड अडकून असतो. पाणी लागलं की तो बाहेर यायला धडपडतो आणि पाण्याला आत शिरू देत नाही. म्हणून आधी थोडंच पाणी, कॉफीच्या दुप्पट-तिप्पट. 15 ग्रॅमला 45 ग्रॅम घालून 45 सेकंद थांबायचं. ती पाणी घालून वाट बघायची खरी, पण मी चमच्यानं थर उकरला तर आत फिकट, कोरडी, भुसभुशीत कॉफी निघाली. पाणी वरवरच होतं. शंकू हातात धरून हलकेच गोल फिरवला की कोरडे गड्डे फुटतात. ते केल्यावर थर एकसारखा भिजला, पण फुगला नाही. पाकिटावर भाजल्याची तारीखच नव्हती, म्हणजे गॅस कधीच उडून गेलेला. पुढचं पाकीट बारा दिवसांपूर्वी भाजलेलं होतं. त्याचा घुमट असा वर आला, बुडबुडे असे फुटले, की तिनं घड्याळाकडे बघायचं सोडून मोबाइलवर त्याचा व्हिडिओच काढला. तो कप मोजणीतून बाद.

तापमानाचंही सांगून टाकते. उकळतं पाणी कॉफी "जाळतं" असं कुठेतरी वाचून ती पाणी पाच मिनिटं उघडं ठेवायची. थर्मामीटर घातला तर 86 अंश. जी बी भाजताना 200 अंशांच्या वर जाऊन आलीय, ती 100 अंशांच्या पाण्यानं काय जळणार? गडद भाजलेली कॉफी असेल तर 88-90 अंशांचं पाणी बरं, कारण तिच्यातलं कडू फार चटकन सुटतं. हिची कॉफी फिकट भाजलेली, तिला उष्णता हवी. उकळी आली, किटली उचलली, ओतली. गोडवा वाढला, हे तिनं मी विचारायच्या आधी सांगितलं.

इथे माझं चुकलं

पुढच्या दहा दिवसांत तिचे कप सरळ रेषेत आले. वेळ 2:45 ते 3:00 च्या मधे, कडवटपणा नाही, तुरटपणा नाही. पण रोज एक ओळ: "शेवटी एक टोचरा आंबटपणा उरतो." फळाचा आंबटपणा मला आवडतो, तो वेगळा. हा जिभेच्या कडेला टोचणारा, कप गार होत जाईल तसा वाढणारा.

मी बेधडक निदान केलं: धार. तुझं ओतणं अजून कच्चं आहे. आणि तिला 4:6 ची पद्धत शिकवली. 2016 साली वर्ल्ड ब्रुअर्स कप ही कॉफी गाळण्याची जागतिक स्पर्धा जिंकताना जपानच्या तेत्सु कासुया यांनी ती वापरली होती. एकूण पाण्याचे दोन वाटे करायचे. पहिल्या 40 टक्क्यांत आंबट-गोडाचा तोल ठरवायचा, उरलेल्या 60 टक्क्यांत कॉफीचा दाटपणा. पद्धत सुंदर आहे, पण ती जाड दळणासाठी आहे आणि हे मी तिला सांगायला विसरले. तिच्या बारीक दळणावर पाच वेळा पाणी ओतल्यावर वेळ 4 मिनिटांपुढे गेली, कडवटपणा परत आला, आणि टोचरा आंबटपणा होता तिथेच. तीन दिवस वाया. तिनं वहीत लिहिलं, "वहिनीची पद्धत. नको."

मग मी तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तिचं पाकीट, तिचा शंकू, तिचे कागद, ग्राइंडरवर तोच क्लिक, सगळं माझ्या घरी आणलं. तिच्याच आकड्यांवर कप केला. धारही मुद्दाम चमच्यावरूनच सोडली. कप गोड, गोल, टोचणी कुठेच नाही.

काय बदललं? घर बदललं. आणि घराबरोबर पाणी.

इथे थोडं गणित. 240 ग्रॅम पाणी ओतलं की चोथा साधारण स्वतःच्या दुप्पट, म्हणजे 30 ग्रॅम पाणी धरून ठेवतो. कपात उतरतात 210 ग्रॅम. 15 ग्रॅम कॉफीचे 20 टक्के म्हणजे 3 ग्रॅम. थोडक्यात, कपात 3 ग्रॅम कॉफी आणि 207 ग्रॅम पाणी. मी तीन आठवडे त्या 3 ग्रॅमची चौकशी करत होते आणि 207 ग्रॅमना एकही प्रश्न विचारला नव्हता.

तिच्याकडे आरओचं पाणी. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा टीडीएस मीटर बुडवला: 18. माझ्या नळाच्या पाण्याचा आकडा 130. पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतल्या आम्लांचा काही भाग मारतात. ते फार असले तर कॉफी सपाट, मेलेली लागते. नसलेच तर आम्लांना अडवणारं कुणीच नसतं आणि ती उघडी-नागडी जिभेवर येतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही चवीचे घटक ओढून काढायला मदत करतात, तेही आरओनं काढून टाकलेले. पिण्याला हे पाणी छान, कॉफीला पोकळ.

पण आधीच्या निदानानं तोंड पोळलं होतं, त्यामुळे या वेळी खात्री करून घ्यायची होती. माझ्या घरचं पाणी दोन बाटल्यांत भरून तिच्याकडे नेलं. सारखे तीन पेले घेतले, दोहोंत एका पाण्याची कॉफी, तिसऱ्यात दुसऱ्या. तळाला पेन्सिलीनं खुणा. ती दुसऱ्या खोलीत. कॉफी कोमट होऊ दिली, कारण गरम कॉफीत जिभेला उष्णतेपलीकडे फारसं काही कळत नाही. ती आली, घोट-घोट घेतला, मधला पेला पुढे सरकवला. "हा वेगळा. टोचतोय." खूण पाहिली, आरओ. एकदा नशिबानंही जमतं, म्हणून जागा बदलून आणखी तीनदा केलं. चारही वेळा बरोबर. शेवटच्या वेळी तर तिनं नुसता वास घेऊन हात पुढे केला होता, पण ते मी धरत नाही. तो तिचा आगाऊपणा.

उतारा

तिच्याकडे आरओच्या आधीच्या नळाला टीडीएस 400. तीन भाग आरओचं आणि एक भाग हे, असं मिसळलं की हिशेबानं 113 च्या आसपास यायला हवं. मीटरवर 115 आलं. पण मीटरच्या आकड्यावर हुरळून जाऊ नये. तो फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते पाहून अंदाज सांगतो. ती क्षारांची गर्दी बायकार्बोनेटची आहे की साध्या मिठाची, हे त्याला कळत नाही. त्यासाठी मत्स्यपेटीवाल्यांचे केएच (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) मोजायचे थेंब मिळतात: पाच मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकायचा आणि निळ्याचं पिवळं कितव्या थेंबाला होतं ते मोजायचं. एक थेंब म्हणजे एक अंश, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे सुमारे 18 मिलिग्रॅम. कॉफीसाठी 40 मिलिग्रॅमच्या आसपास चांगलं मानतात, म्हणजे दोन-अडीच थेंब. तिच्या नळाच्या पाण्याला आठ थेंब लागले, मिसळलेल्याला दुसऱ्या थेंबाला रंग फिरला.

ज्यांच्याकडे मिसळायला दुसरं पाणी नाही, त्यांनी खायचा सोडा वापरावा. लिटरमागे 67 मिलिग्रॅम सोडा घातला की तेच 40 मिळतात. एवढं घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून 17 ग्रॅम सोडा एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवायचा आणि त्यातलं 4 मिलिलिटर सिरिंजनं एक लिटर आरओच्या पाण्यात घालायचं. कॅल्शियम-मॅग्नेशियम यातून मिळत नाही, पण टोचणी जाते. आणि एक: जास्त क्षारांचं पाणी आधी उकळून, गार करून, मग मिसळू नये. उकळताना बायकार्बोनेटचा काही भाग कॅल्शियमला घेऊन किटलीच्या तळाशी पांढरा थर होऊन बसतो, आणि मिसळायला निघालेलं तेच हातचं जातं.

मिसळलेल्या पाण्याचा पहिला कप तिनं केला तेव्हा मी मुद्दाम गप्प बसले. घुमट वर आला, तिनं शंकू फिरवला, चमच्यावरून धार सोडली, 2 मिनिटं 55 सेकंद. वहीत लिहिलं: "कप 41. टोचत नाही." थोडं थांबून पुढे, "दळण एक क्लिक जाड करून बघायचं." हा शेरा माझ्याशिवाय आला होता.

माझा ग्राइंडर मी अजून परत मागितलेला नाही. मागायचा आहे.

मागच्या महिन्यात ती डोंगरात सुट्टीला गेली, शंकू आणि कागद घेऊन. सकाळी सकाळी फोन. "वहिनी, थर्मामीटर बिघडला वाटतं. पाणी खळाखळा उकळतंय आणि काटा 93 च्या वर जायला तयार नाही."

"किती उंचावर आहेस?"

"दोन हजार मीटरच्या पुढे असेन थोडी."

दर तीनशे मीटरला उकळबिंदू साधारण एका अंशानं उतरतो. हिशेब जुळत होता. म्हटलं, "थर्मामीटरला बोल लावू नकोस, ठीक आहे तो. दळण दोन क्लिक बारीक कर आणि उकळतं असतानाच ओत." मग आठवलं म्हणून विचारलं, "पाणी कुठलं आहे गं तिथे?"

"झऱ्याचं. तीन थेंब," ती म्हणाली. "तुला फोन करायच्या आधीच मोजलं."